चघळ

मी कुट्टीवाला. ट्रॅक्टरच्या मागं मशीन,
तासावर भाडं, डिझेल माझं.
मन्याडच्या अलीकडच्या आखाड्यांवर
कुणाची वळई कशी, मला विचारा.
कुठं पाणी पाठीतून शिरलं,
कुठं खालच्या चार थरांचं नुसतं खत झालं,
कुठं कडब्याच्या पोटात घुशींनी संसार मांडला.
मी सांगत नाही कुणाला. माझं काम कापायचं.

आखिती झाली की एक दिवस सोजरबाईचा.
ती लगेच मशीन लावू देत नाही.
आधी गव्हाणीपाशी नेते,
रात्रीची चघळ सुपात घेते
आणि मास्तर पाटी तपासतो तशी न्याहाळते.
"हे बूड काळं, हौशानं हुंगून सोडलं.
ही ताटं जाड, मैनीला जमली नाहीत.
आणि हा बघ, पाला. पाला कोणी सोडतं का?
खाली पडला म्हणून राहिला.
मुतात भिजलेलं ढोर खात नाही, लतीफ.
तू खाशील?"

म्हणून गव्हाण दोन विटा वर घेतली,
वर बाभळीचं आडवं लाकूड :
मान आत जाईल, पेंढी बाहेर येणार नाही.
हौशाला झटकून खायची खोड.
आठ दिवस लाकडाशी शिंगं घासत भांडला,
मग शिकला.

शेजारचे धोंडिबा हसायचे,
ढोरांचं उष्टं मोजणारी बाई!
तीन वर्षांमागं ऐन वैशाखात तेच आले,
शेकडाभर पेंढ्या मागायला.
तिनं दिल्या. पैसे घेतले नाहीत.
म्हणली, "चघळ तेवढी मला दाखवायला आणा."

वळई तिची बघण्यासारखी.
खाली दगड, दगडांवर पऱ्हाटी,
बुडातून वारं खेळावं म्हणून.
पेंढ्या बांधायच्या पहाटे,
दंवानं पाला नरम असतो, झडत नाही;
रचायच्या मात्र दुपारी,
एकेकीच्या पोटात हात घालून.
गार लागली ती पेंढी परत उन्हात.
ओल्या कडब्यातून धूर निघालेला
तिनं माहेरी बघितलाय, लहानपणी,
आणि ती गोष्ट ती पुरी सांगत नाही.
वर तुराट्या, तुराट्यांवर निवडणुकीतला फ्लेक्स,
कुणाचा तरी हात जोडलेला चेहरा
चार महिने कडब्यावर पालथा.
"इथं तरी कामाला आला."

मशीन चालू झालं की बोलणं बंद.
मैनीसाठी बारीक कुट्टी. तिचे दात गेलेत,
विकून टाक म्हणणारे आले नि चहा पिऊन गेले.
हौशाच्या पेंढ्या अर्ध्या तशाच ठेवायच्या,
त्याला चावायला काही नसलं
तर दावं चावतो.

दिवस कलला. भाडं मोजून दिलं.
मी मशीन जोडलं, ट्रॅक्टर चालू केला.
"थांब."
खराटा घेऊन आली.
मशीनच्या तोंडातून, चाकाच्या खोबणीतून,
माझ्या बसायच्या पोत्यावरून
भुगा झाडला. पाटीभर निघाला.
"इतकी वर्षं हा तू कुठं नेत होतास?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.
रस्त्यानं सांडत असेल. वाऱ्यावर जात असेल.
बावीस गावं, गावागणिक एक पाटी,
वर्षं किती?
पूल आला तेव्हा मी हिशेब सोडून दिला.

घरी पोचेस्तोवर अंधार.
दारातल्या शेळीपाशी वाकलो
तर तिनं माझ्या बाहीच्या दुमडीत तोंड घातलं,
सोजरबाईच्या खराट्यातून सुटलेलं
जे काही चिमूटभर होतं
ते एक काडी न सांडता खाल्लं.

मी बराच वेळ हात हलवला नाही.