मत नसलेला माणूस

सकाळी सात ते रात्री दहा
मला आज गप्प बसायचे पैसे मिळणार आहेत.
हडर्सफील्डच्या सेंट आयडन शाळेत, पहिलीच्या वर्गात,
गुडघ्याला लागणाऱ्या टेबलामागे
मतदारयादीवर पट्टी सरकवत बसलोय.
नाव. पत्ता. फोटो. रेघ.
बायकोला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली
की तव्यावरची पोळी करपली.

कारण माझं सगळ्यावर मत असतं.
तेलाच्या भावावर, सुवेझच्या कालव्यावर,
देवळांनी देणग्यांचा हिशेब कुठे टांगावा त्यावर,
पोरांना पाढे का यायला हवेत त्यावर,
आणि सांगलीचा विश्वंभर रोज जो 'खरा इतिहास' पाठवतो
त्यावर तर पानभर.
आज फोन पिशवीत, पिशवी खुंटीवर.
खुंटीवर गोगलगायीचं चित्र, खाली नाव: एल्सी-मे.
मधूनच पिशवी गुरगुरते.
विश्वंभर असणार.

केंद्राध्यक्ष मॉरीन ॲक्रॉइड उजाडायच्या आत
भिंती तपासत होत्या.
वर्गानं गिनीपिगच्या नावासाठी निवडणूक घेतलेली,
'ग्रॅहमलाच मत द्या', जांभळ्या खडूनं.
उमेदवारांतही एक ग्रॅहम.
बाईंनी त्यावर तपकिरी कागद चिकटवला.
गिनीपिगला आचारसंहिता लागू झाली.

शेजारी दिवाळी, ईद, हनुका, नाताळ.
चारही सणांवर तोच पिवळा सूर्य.
वर्गात पिवळा खडू एकच असेल.
इतकी साधी कारणं असतात कधी कधी सलोख्याला.

अकराला एक बाई आल्या, चेहरा झाकलेला.
मॉरीनबाई त्यांना पडद्याआड घेऊन गेल्या,
सरकारनं त्यासाठी छोटा आरसासुद्धा दिलाय.
माझं यावरही मत होतं. तीन मुद्द्यांचं.
त्या बाहेर आल्या, म्हणाल्या,
"अंकल, पेन्सिलीला टोक नाहीये."
मी टोक करून दिलं.
मुद्दे कुठे गेले, सांगता येत नाही.

दुपारी एक मुलगी. आयुष्यातलं पहिलं मत.
विद्यापीठाचं ओळखपत्र पुढे केलं.
चालत नाही.
मागे हॅल्स्टेडआजोबा, म्हाताऱ्यांचा बसपास.
चालतो.
एकतीस वर्षं या गावात गणित शिकवलं मी.
हे समीकरण फळ्यावर मांडलं असतं
तर शेवटच्या बाकानंही मला खाली बसवलं असतं.
पण नियम तिला मीच वाचून दाखवला,
मास्तरच्या आवाजात. दुसरा आवाज नाही माझ्याकडे.
"पासपोर्ट आईकडे आहे. ग्रिम्सबीला. बघते."
नकारांच्या तक्त्यावर एक आकडा वाढला.

भारताचा पासपोर्ट खिशात असताना
मी इथं पहिल्यांदा मत दिलं होतं, राष्ट्रकुलातला म्हणून.
ज्यांनी आजोबा-पणजोबांना काही विचारलं नाही
त्यांनी मला विचारलं.
विश्वंभर म्हणतो, तू तिकडचा, तुला काय अधिकार?
इथला कुत्रा फिरवणारा एक गृहस्थही तेच विचारतो,
आधी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून.

आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच:
डोक्यात भिरभिरतं तेही मत, पेटीत पडतं तेही.
पहिलं माझ्याकडे पोत्यानं.
दुसरं एकुलतं एक, मागच्याच आठवड्यात पोस्टानं गेलं,
आणि ते लिहिताना माझा हात
बराच वेळ कागदावर टेकला नव्हता.
हे विश्वंभरला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

साडेनऊ.
मॉरीनबाई घड्याळाकडे बघतायत, मी दाराकडे.
ग्रिम्सबीहून गाडी किती तासांची?
बदलायला लागते ना मध्ये?
पावणेदहा.
तिच्या नावाचं पान मी उलटलेलं नाही.

दहाला पाच कमी असताना दार वाजलं.
हॅल्स्टेडआजोबा.
दुपारी टोपी विसरले होते,
छोट्या खुर्चीवर, पोरानं ठेवावी तशी.

टोपी त्यांच्या हातात देताना
दिवसभराचं सगळं ओठांपर्यंत आलं.
म्हणालो, जपून जा,
पायरी ओली आहे.