दोन बोटं खिडकी

कंपूच्या उतारावरच्या टालीत
इस्माईलभाई लाकूड वाजवून देतो.
दोन ढलप्या एकमेकींवर आपटतो, कान देतो.
टण्ण वाजली तर वाळलेली,
थप्प वाजली तर अजून झाडच आहे ती.
"बबूल न्या बाई. नीम नुसता धूर करतो.
आंबा भडकतो, पण पाहुण्यासारखा,
चहा होईस्तोवर निघालासुद्धा."

मी गुहागरची.
आमच्याकडे थंडी म्हणजे पायाशी घडी घालून ठेवलेली चादर,
लागली तर.
लग्नानंतर लष्करात आले तर पौषात
धुकं जिना चढून दारापर्यंत यायचं,
बादलीतलं पाणी चावायचं.
पहिला हिवाळाभर मी खोबरेलाची बाटली
कुशीत घेऊन झोपले,
सकाळी केसांना लावण्यापुरतं तरी विरघळावं म्हणून.

ते बघून यांनी शेगडी केली.
हे छोट्या लाइनीच्या शेडमध्ये फिटर.
ग्रीसचं रिकामं पिंप, तळाशी जाळी,
दाराला मोडीत काढलेल्या डब्याची कडी,
आणि रोशनदानातून बाहेर काढलेला पत्र्याचा पाइप,
टोकाशी वळवलेला,
खोकण्याआधी माणूस तोंड बाजूला करतो तसा.
पहिल्या दिवशी सगळा धूर आमच्या घरात.
दुसऱ्या दिवशी वरच्या चतुर्वेदींच्या.
तिसऱ्या दिवशी पाइप लालसर झाला, गुणगुणायला लागला,
आणि मी पहिल्यांदा स्वेटर काढून
भिंतीला टेकून बसले.

मग खिडकीचं भांडण.
मी लावायची, हे उघडायचे.
दोन बोटं. फटीत घालून मोजायचे, तर्जनी आणि मधलं,
ग्रीस कधीच पुरतं न निघालेली.
मी म्हणायची, लाकडाचा भाव विचारलात का कधी?
विकतची ऊब ही, आणि तुम्ही ती गल्लीला वाटताय.
वारा नेमका माझ्या मानेवर यायचा.
हे जागा बदलून द्यायचे,
खिडकी नाही.

अकरा हिवाळे असेच गेले.
एका रात्री मी फटीत जुनं लुगडं कोंबलं.
यांनी उठून ते काढलं, घडी केली, माझ्या हातात दिलं
आणि तिथेच उभ्या उभ्या सांगितलं:

शेडमध्ये तिघं होते रात्रपाळीला.
सिगडी आत घेतली. दार लावलं. फटींत पोती.
सकाळी मी दार ढकललं.
चेहरे चांगले लाल होते,
शेकून आल्यासारखे.
तुळशीरामचा डबा निखाऱ्यांजवळ होता.
भाजी कोमट होती अजून.

एवढंच. नंतर त्यांनी पाणी प्यायलं.
दुसऱ्या दिवशी चौकटीत बाभळीची चकती ठोकली,
दोन बोटं जाड.
खिडकी पुन्हा कधी पुरती लागली नाही,
मी पुन्हा लुगडं शोधलं नाही.

आता छोटी लाइन बंद.
मुलानं तेलाचा हीटर पाठवला आहे, चाकांचा,
कुत्र्यासारखा मागे मागे येतो, वायर पुरेल तिथवर.
त्यानंच सरकती खिडकी बसवून घेतली.
जुनी चौकट भंगारवाल्यानं नेली, चकतीसकट.
माझ्या लक्षात आलं तेव्हा त्याची गाडी
चौकाच्या पलीकडे गेली होती.

पण लाइट जाते.
जानेवारीत हटकून, रात्री दोनला.
मग मी अंधारातच पिंपाचं दार उघडते,
इस्माईलभाईच्या ढलप्या,
खाली नारळाची शेंडी, गावाहून आलेली.
धरते एकदाची.
हे पाठ करून झोपलेले, कानटोपी डोळ्यांवर.
मी खिडकीपाशी जाते, काच सरकवते,
बोटं घालते. थंडी ती चाटते.

"किती?" हे गोधडीतून विचारतात.

दोन, मी म्हणते.

"तुझी बारीक आहेत," हे म्हणतात.
"तीन घाल."