जांभळी बॅटरी

रान्को तळ्याच्या वरच्या अंगाला
रेमिहियो वेन्चुमानचा गोठा. चौतीस गाई.
मे महिन्यात तीन गाभडल्या.
चौथीचं दूध पिवळं, दाटसर आलं,
कास मात्र मऊ, रिकाम्या पिशवीसारखी,
दाबली तरी गाय पाय उचलेना.
"नजर लागलीय," त्याची बहीण एदुविना म्हणाली.
"उंदीर लागलेत," मी म्हणाले,
आणि जीपमधून बारा सापळे उतरवले,
ओटच्या भरड्यात व्हॅनिला कालवलेलं आमिष,
रक्तासाठी काचेच्या नळ्या.

दोन वर्षांपूर्वी डोंगरात किलाला फुलोरा आला होता.
किला, आमचा बांबू; जन्मात एकदाच फुलतो
आणि उभ्या उभ्या वाळतो.
दाणे इतके सांडले की उंदरांनी
जेवता जेवता पिढ्या काढल्या.
मग दाणे संपले.
मग ते खाली उतरले,
जिकडे धूर दिसला तिकडे.

रात्री दिवे मालवायला सांगितले,
जांभळी बॅटरी लावली,
आणि अंधारात एक गाव उमटलं.

गव्हाणीच्या कडेने हमरस्ता,
निळसर पांढरा, थेंबाथेंबाने आखलेला;
पेंडीच्या पोत्यांवर चौक;
तिथून फाटे, एक वासरांच्या कोंडीकडे,
एक टाकीला वळसा घालून,
एक खांबावरून सरळ माळ्यावर.
चाळीस वर्षं रेमिहियो
पहाटे चारला इथे आला होता,
दिव्याशिवाय, एकाही बादलीला न अडखळता.

"एवढे?"
"एवढं मूत. उंदीर असतील साठेक."

उंदीर स्वतः आजारी नसतो
हे त्याला पटवताना माझी दमछाक झाली.
लेप्टोचे जंतू त्याच्या मूत्रपिंडात
बिनभाड्याचे राहतात.
त्याला ना ताप, ना ग्लानी.
येतो, खातो, थेंब सोडून जातो.
थेंब पाण्यात, पाणी गाईच्या पोटात,
आणि सातव्या महिन्यात वासरू बाहेर,
अंगावर धड केस नाहीत,
खूर मात्र पुरते घडलेले,
मेणाचे असावेत तसे.

प्रकाश फिरता फिरता थांबला
खिळ्याला टांगलेल्या दुधाच्या बाटलीवर,
जिच्यातून एदुविनाची नात
लहान्या वासराला पाजते,
आणि कुणी बघत नसेल तेव्हा
स्वतःही एक घोट घेते.
रबरी बोंडीवर एक ठिपका.
एदुविनाने ती एप्रनच्या टोकाने उचलली,
काही न बोलता चुलीत घातली.
जळक्या रबराचा वास सकाळपर्यंत घरात होता.

रेमिहियो मग बोलला. माझ्याशी नाही, टाकीशी.
बायको अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी
पत्र्यावर रोज घुबड यायचं,
पांढऱ्या तोंडाचं, कापड फाडल्यासारखं ओरडायचं.
शेजारी म्हणाले, न्यायला आलंय.
मी एका गोळीत पाडलं.
ती गेलीच, नवव्या दिवशी.
नंतर गवत काढायला माळ्यावर चढलो
तर कोपऱ्यात पिल्लं होती. वाळून हलकी झालेली.

पिल्लं असलेलं घुबड
एका रात्रीत किती उंदीर उचलतं
ते मला पाठ आहे.
मी सांगितलं नाही.
नोंदवहीत तसा रकानाही नाही.

सकाळी बारापैकी नऊ सापळे भरलेले.
मी हातमोजे दिले, मास्क दिले,
कोरडा झाडू मारू नकोस म्हटलं,
दारं उघडून आधी हवा खेळू दे,
मग क्लोरीन शिंपड, भिजू दे, मग पूस;
धुळीतला आजार वेगळा,
तो गाईंना नाही, माणसांना नेतो.
पेंड पत्र्याच्या पिंपात.
नळ्यांचं उत्तर आठ दिवसांनी.
तो मान हलवत होता, ऐकत नव्हता.

"बॅटरी ठेवून जा."
"सरकारी आहे, रेमिहियो."
तो माझ्याकडे बघत राहिला.

आठ दिवसांनी उत्तर घेऊन गेले तेव्हा
रात्र झाली होती. वळणावर जीप थांबवली.
खाली गोठ्याच्या फटींतून
जांभळा उजेड सरकत होता,
थांबत होता,
पुन्हा सरकत होता.