खोबळ्यातली गादी

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी
तालमीतली हत्यारं खाली उतरतात.
विटे, भाले, फरी-गदके,
दोरी तुटलेली एक माडू,
आणि सगळ्यात वर, दोन खुंट्यांवर आडवा, पट्टा.

खिळे काढून पातं बाबालाल शिकलगार घेऊन गेला गंगावेशीला.
जाताना उन्हात धरून दाखवलं:
मुठीच्या अंगाला पापणीसारख्या दोन चंद्रकोरी,
कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या लोहाराच्या.
"ह्यो आपला न्हाई. गलबतातनं आला, घाट चढला.
पर आता माघारी कुठं जातोय?"

माझ्याकडं राहिला खोबळा.
कोपरापर्यंत लोखंड, आत आडवी मूठ,
आणि वास. एरंडेल, घाम, ताक घातलेली तांबडी माती.
गादी सडलेली. उसवायला घेतली.

वरचा थर माझाच.
निळा, शाळेच्या स्कर्टचा.
तेरा वर्षांची होतो, हात आत वाजायचा
डब्यात चमचा वाजावा तसा.
पहिल्या दिवशी केस टोपीत कोंबून दारात म्हणालो,
"वस्ताद, शिकायला आलो."
आमच्याकडं पोरी आलोच म्हणतात.
त्या एका शब्दावर तीन आठवडे पोरगा म्हणून खपलो.
टोपी पडली त्या दिवशी आखाडा गप्प.
हिंदुराव वस्तादांना तेव्हाच मोतीबिंदू होता.
म्हणाले, "का थांबला रं? पाय ऐकू येईनात."
कुणीतरी सांगितलं.
"मग? पायात काय बाई-बाप्या असतंय व्हय?
उजवा मागं घे, पोरी. टाच उचल."

त्याच्याखाली वस्तादांचा थर, लाल लंगोटाचा.
त्याच्याखाली पोत्याचा तुकडा,
दुष्काळात मिलो आला होता त्याचा; अर्धं अक्षर अजून दिसतं.
मग खाकी पट्टी, पायाला गुंडाळायची,
बसऱ्याहून परतलेल्या कुणा शिपायाची.
तो म्हणे रोज पहाटे एकटाच फिरायचा पट्टा
आणि कुणी मागं उभं राहिलं की ओरडायचा.
नाव कुणाला आठवत नाही. ओरडणं आठवतं.

एकेक थर काढला तसा खोबळा मोठा होत गेला.
मधे एक थर नुसता कापसाचा, काळा,
हातात घेतला तर विरला.

सगळ्यात तळाशी, लोखंडाला चिकटलेला,
एक खण.
जांभळा असावा. काठाला रुईफूल.
टाके बारीक, इतके बारीक
की मी नखानं मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

वस्ताद कट्ट्यावर बसले होते.
त्यांच्या बोटांत दिला.
बराच वेळ चोळत राहिले.
"घरात दुसरं कापड गावलं न्हाई, बायकोचं फाडलं आसंल."
मग थोड्या वेळानं,
"किंवा..."
आणि चहा मागितला.

"टाकून दे आता ते. स्पंज घाल.
गांधीनगरात कसला बी मिळतोय."
बरं म्हणालो.
आणि दोरा ओवला.

खण तळाशी. त्यावर नवा कापूस.
मग खाकी, पोतं, लाल, निळा,
ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं, उलटे.
माझे टाके मोठे आहेत, वाकडे आहेत.
पट्टा फिरवणाऱ्या हाताला सुई सापडत नाही.

दिवे लागायच्या वेळी सायकल आली.
बाबालालची नात, मुमताज, कॅरिअरला पातं बांधलेलं,
ओल्या गोणपाटात, वाकू नये म्हणून
दोन्हीकडं बांबूच्या काठ्या.
"दादांनी सांगितलंय, बोट लावू नका धारेला."
आणि मी पातं घेईपर्यंत
तिनं खोबळ्यात हात घातलेला, पार कोपरापर्यंत.
मूठ धरली. हलवलं.

"खडखडतोय की ह्यो."

सुईत दोरा होताच अजून.