वर्णनाप्रमाणे

पार्सल आलं की मी आधी हुंगते.
मग लेबल, मग सील, मग वजन.
एकदा नॉटिंगहॅमहून कार्डाऐवजी अर्धी वीट आली होती,
बाळंत्यात गुंडाळावी तशी, फुगेवाल्या प्लास्टिकात.
पैसे परत मिळाले. वीट कुंडीखाली आहे.

स्विंडनला अकरा वर्षं झाली.
या गल्लीतल्या एकाही घराचा उंबरठा
मी ओलांडलेला नाही.
'या कधीतरी' म्हणतात,
आणि त्या कधीतरीला वार नसतो.

पण आतली हवा मला माहीत आहे.
पंख्याचे चार बारीक स्क्रू काढले
की ॲल्युमिनियमच्या पात्यांत अडकून बसलेलं घर
करड्या नमद्यासारखं सबंध निघून येतं.
लीड्स: सिगारेट, आणि वरून लिंबाचा स्प्रे.
ग्रिम्स्बी: बटाट्यांचं जळकं तेल.
एकात ओला कुत्रा.
एकात काहीच नाही, अगदी काहीच नाही.
ते घर मला आवडलं नाही.

जाहिरातीत सगळेच सज्जन.
'फारसं वापरलेलं नाही.' 'मुलगा कॉलेजला गेला.'
'घरात धूम्रपान नाही, प्राणी नाहीत'
आणि माझ्या चिमट्याच्या टोकाला
मांजराचा लांब केशरी केस.
माइनिंगला जुंपलेली कार्डं तर लपत नाहीत,
घाण्याचे बैल ते:
पॅडांतून तेल सुटलेलं, पंख्याच्या मानेत कुरकुर.
मी खोटं पकडत नाही, वीस पौंड कमी करून मागते.
घासाघीस मी आईकडून नाही, बोहारणीकडून शिकले.
वस्तू घ्यायची, उलटी करायची,
आणि काही न बोलता खाली ठेवून द्यायची.
इथे खाली ठेवायची
म्हणजे दोन दिवस उत्तर द्यायचं नाही.

रात्री ओटा पुसून कामाला बसते.
जुनी पेस्ट खरवडायची, खडूसारखी झालेली,
नवी लावायची, वाटाण्याएवढी, जास्त नाही.
पात्यांतून मऊ ब्रश.
मग कार्ड जोडून तीन तास चाचणी:
पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरत राहतं,
कार्ड ऐंशी अंशांवर धापा टाकतं,
आणि शेजारच्या शेगडीवर माझी आमटी.
भाड्याच्या या घरातला चिमणीचा पंखा
धूर बाहेर नेत नाही, फिरवून परत देतो.

गेल्या नोव्हेंबरात एक कार्ड स्टोकला गेलं,
कुणी डेरेक टनिक्लिफ, वय चौऱ्याहत्तर,
वय त्यांनीच कळवलं, मी विचारलं नव्हतं.
त्यांना घरबसल्या विमान उडवायचं होतं,
ऑर्कनी बेटांवर उतरायचं होतं, आडव्या वाऱ्यात.
किंमत कमी करायला सांगितली नाही.
मला उगीच अपराधी वाटलं,
खोक्यात एक जास्तीची केबल टाकली.

नऊ दिवसांनी निरोप आला:
'कार्ड उत्तम. लँडिंग अजून जमत नाही, तो दोष माझा.
मात्र ते तापलं की खोलीत कसलासा वास येतो.
तक्रार नाही. फक्त विचारतोय.'

माझा हात पैसे परत करण्याच्या बटणापर्यंत गेला होता.
तक्रार नाही, हे इथे
तक्रारीच्या आधी म्हणतात.
हिंग म्हणू? फोडणी?
फोडणीला शब्द शोधत
मी बसची दोन स्टॉपं पुढे गेले.
शेवटी लिहिलं:
'माझ्या स्वयंपाकघराचा. आठवड्याभरात जाईल.'

उत्तर आलं नाही.
मी पुढच्या खोक्यावर टेप मारली,
पोस्टातल्या मुलीने वजन केलं, पावती दिली.

महिन्याने त्यांचा अभिप्राय दिसला.
पाच तारे.
खाली एकच ओळ:
'वस्तू वर्णनाप्रमाणे.
वास गेला, थोडं वाईट वाटलं.'

वर्णनात मी लिहिलं होतं:
आठ जीबी, दोन पंखे, खोक्याविना.