ताळा

मार्चअखेर ओउलूला बोलावलं मला,
दोन गटांमधला ताळमेळ मोजायला.
तिसऱ्या मजल्यावर मार्ग आखणारे,
नदीपलीकडे, जुन्या कातड्याच्या कारखान्यात,
पडद्यावर तो मार्ग दाखवणारे.
दोघांचं मिळून एकच सॉफ्टवेअर,
बर्फफोड्या जहाजांच्या कप्तानांसाठी.

मोजता येईल ते मोजलं:
कुणी कुणाला किती निरोप धाडले,
प्रश्नापासून उत्तरापर्यंत किती तास गेले,
एकाच फाइलला किती हात लागले,
आणि बैठका. बैठका तर पोत्यानं.
माणसांचे ठिपके, बोलण्याच्या रेघा,
बोलणं दाट तिथे रेघ जाड.

गेल्या वर्षीची रेघ केसाएवढी,
यंदाची दोरखंड.
"म्हणजे सुधारलोच की!" किर्सी म्हणाली,
वरच्यांना दाखवायला रंगीत प्रत मागितली.
आवृत्ती मात्र सहा आठवडे रखडलेली,
आणि केमीजवळ एका जहाजाच्या पडद्यावर
उत्तर दिशा अर्धा तास
पूर्वेला जाऊन बसलेली.

आकडे पुन्हा मांडले. दोनदा ताळा केला.
ताळा बसला.
मेळ कुठे बसेना.

ओस्मो इतके दिवस गप्प होता.
कॉफी ओतताना खिडकीला सांगावं तसं म्हणाला,
"आधी राइली होती."

राइली हिल्तुला, चाचणी विभाग, तळमजला.
दर बुधवारी सायकलवरून पूल ओलांडायची,
उणे वीसमध्येसुद्धा,
पिशवीत वेलदोड्याचे पाव.
कुणाच्याही टेबलाशी टेकायची, पडद्यात डोकावायची:
"तुम्ही खोली पाण्यापासून मोजता ना?
ते बर्फापासून मोजतात."
"असं?"
"असं."
पाव संपायचे. ती परत.

निरोप नाही, बैठक नाही, नोंद नाही.
माझ्या आलेखात तिचा ठिपकासुद्धा नाही.
नोव्हेंबरात निवृत्त झाली,
आणि डिसेंबरापासून सगळे बोलायला लागले,
बोलतच राहिले.

अहवालाला आठ रकाने.
बुधवार कशात भरू?

संध्याकाळी मीच निघाले पुलावरून.
सवयीनं पावलं मोजली: सहाशे बारा.
मधोमध वारा असा की
आकडा एकदा चुकला, मागे जाऊन पुन्हा धरला.
पलीकडे दारातल्या पोरानं विचारलं,
"कुणाकडे आलात?"
हातमोजे काढत राहिले मी,
एक, मग दुसरा.