झोइचाचा चाळिसावा

क्रुशेवो. दाराबाहेर चार देशांचा चिखल वाळतोय
बुटांवर.
कोर्चाहून गुशु आला, खिळखिळ्या व्हॅनमधून,
मागच्या सीटवर कातडी पिशवीतलं चीज.
मेत्सोवोहून तेगा, गणिताचा मास्तर, मुलीला घेऊन.
कोन्स्तान्त्साची वांगेया, दोन रात्री बसमध्ये
पाय सुजवून.
नाशु इथलाच. खुर्च्या त्यानेच मागून आणल्या
शेजारच्या न्हाव्याकडून.

मी वरच्या खोलीचा भाडेकरू, म्हणून मलाही वाटी:
उकडलेले गहू, वर पिठीसाखर.
म्हातारी दुधाचा हिशेब तिच्या भाषेत सांगायची,
लाप्ते, लाप्ते, आणि बोटांवर मोजायची.
तेवढीच माझी त्या भाषेशी ओळख.

चौघांचा आजा एक.
उन्हाळ्यात डोंगरमाथा, हिवाळ्यात समुद्राकडची सपाटी,
मध्ये आठशे मेंढ्या आणि रस्ता पाठ असलेली कुत्री.
मेंढरांना गवताचा पत्ता माहीत होता,
देशाचं नाव विचारायची रीत नव्हती.
मग एका वर्षी तारेचं कुंपण आधी पोचलं,
कळप नंतर.
जो जिथे होता तो तिथला झाला.

आधी सगळे जपून बोलले.
वांगेया म्हणाली सारे, तेगा म्हणाला सारि,
नाशुने मीठ दोघांच्या मधोमध ठेवलं.
मग पेन्शन, गुडघे, कुणाचा मुलगा जर्मनीत.
बोलण्यात सरकार आलं की जो तो
आपापल्या सरकारच्या भाषेत घसरायचा
आणि बाकीचे नुसती मान हलवायचे.

तेगाच्या फिलिओने विचारलं, ग्रीकमध्ये,
मला का नाही शिकवलंत?
तेगा तळहाताकडे पाहत राहिला,
जणू छडी आत्ताच उचलली गेलीय.
"शाळेत पहिला यायचो मी," एवढंच म्हणाला.

सव्वानऊला वीज गेली.
रेव्मा! तेगा ओरडला.
स्त्रुया! नाशु. कुरेन्त! वांगेया.
गुशु पुटपुटला ती बहुधा शिवी असावी,
कोर्चातली, सुबक.
आणि मग काळोखात, खणांची उघडझाप करत,
चौघं एकदम:
त्स्यारा, त्स्यारा.
मेणबत्ती.
कुणी कुणाला सांगितला नव्हता तो शब्द,
हात नेला तिथे सापडला.
काडी पेटली. चार नाकं, आजाचीच.

फिलिओने तोंडात घोळवून पाहिला,
त्स्या… रा. जीभ अडखळली.
वांगेया हसली नाही.
झोइचा असती तर खदखदून हसली असती,
आणि पुन्हा म्हणायला लावलं असतं.

वीज आली. नाशुने मेणबत्ती लगेच विझवली,
महाग झालीय म्हणे.

झोपायला जाताना वांगेयाने मला जिन्यात गाठलं.
"दोर कळतं का तुला? आमच्यात दोर म्हणजे…"
आणि छातीवर मूठ दाबून धरली.
मला माझ्या भाषेतला दोर आठवला,
काथ्याचा, तळहात सोलणारा,
आणि ओढ हा शब्द कशावरून आला असेल, तेही.
हे तिला सांगायला आमच्यात भाषा नव्हती.
मीही मान हलवली.

सकाळी व्हॅन सुरू होईना.
पुढे नाशुचा ट्रॅक्टर, मध्ये दोरखंड,
मागून आम्ही तिघं ढकलतोय,
एकमेकांवर खेकसतोय, कुठल्या भाषेत देव जाणे.
उताराला लागली तशी ती खोकली, धावली.
नाशुने आपलं टोक सोडलं,
गुशु आपलं विसरला.
वळणापर्यंत दिसत होता दोर,
अल्बेनियाच्या दिशेने रस्त्यावर
फरपटत जाणारा.